डॉक्टरांच्या गावचं हिरवं पाणी

माणूस गेल्यावर त्याच्या गावाला जाऊ नये, असं मला आता वाटतं. जायचंच तर तो असताना, त्याच्याबरोबर जावं, तो दाखवील तेवढं बघावं आणि परत यावं. माझं उलटं झालं. डॉक्टर खंदारेंना जाऊन वर्ष होत आलं असताना त्यांच्या गावच्या सरपंचांचा मला पुण्याला फोन आला. गावात नवा जलकुंभ झाला होता, त्याला डॉक्टरांचं नाव द्यायचं होतं. त्यांच्या मुलीला परदेशातून येणं जमत नव्हतं आणि तिनं माझं नाव सुचवलं होतं. मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं व्यासपीठांवरून त्या गावाबद्दल बोलत होते आणि गाव कधी पाहिलं नव्हतं.

ज्यांनी डॉक्टरांचं नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ते भूजलशास्त्रज्ञ. परभणी जिल्ह्यात ताडकळसच्या पुढे एक खेडं आहे, तिथल्या वस्तीत जन्मले. आईवडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा ते शाळेत होते. येलदरीच्या धरणावर किरकोळ नोकरी केली, मग सरकारी भूजल सर्वेक्षणात लागले, मग शिष्यवृत्ती मिळवून बाहेर गेले आणि पुढे वकिलातींमध्ये विज्ञान सल्लागार झाले. मी त्यांची दुभाषी. एका डोंगराळ देशात दोन धर्मांची गावं एका झऱ्यापायी एकमेकांची घरं जाळत होती. डॉक्टरांनी त्यांना एका बैठकीत बसवलं आणि पाणी वाटून दिलं. तिथला मौलवी आणि पाद्री दोघंही त्यांना निरोप द्यायला विमानतळावर आले होते. निवृत्तीनंतरही ते हेच करत फिरले, आणि त्यांच्यामागे मी त्यांच्यावर भाषणं देत फिरले. गावाचं नाव मात्र इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

परभणी

गाडी उशिरा पोचली, हे सांगण्यासारखं नाही. स्टेशनबाहेर सरपंच स्वतः जीप घेऊन उभे होते. तिशीतला, पांढऱ्या शर्टातला, अतिशय अदबशीर मुलगा. त्यानं माझी बॅग घेतली, ती उचलताना तिची मूठ निघून त्याच्या हातात आली, आणि तो इतका ओशाळला की पुढे जेव्हा भेटला तेव्हा ती बॅग तो लेकरासारखी कवेत धरून वाहत होता.

रस्त्याला लागलो. जानेवारीतलं ऊन, दोन्ही अंगांना ज्वारी उभी, कणसं दुधात आलेली. मधूनच उसानं शिगोशीग भरलेले ट्रॅक्टर गंगाखेडच्या दिशेनं चाललेले. त्यातल्या एकाच्या मागे आम्ही बराच वेळ रखडलो तेव्हा सरपंचांनी जीप एका शेतात वळवली आणि मला हुरडा खाऊ घातला. आगटीतून काढलेली गरम कणसं हातावर चोळून फुंकर मारून दिलेले हिरवे दाणे, सोबत शेंगदाण्याची तिखट चटणी. पुण्यात हुरडा पार्टीला आम्ही पैसे मोजून जातो आणि फोटो काढतो. इथे कुणाला त्यात फोटोसारखं काही वाटलं नाही.

शेतमालकानं मला पहिला प्रश्न आडनावाचा विचारला. पुण्यात आम्ही असं थेट विचारत नाही. दोन वाक्यं बोलू देतो आणि उच्चारांवरून काढतो. मी आडनाव सांगितलं. माझ्या बुडाखालची प्लास्टिकची खुर्ची बदलून आतून गादीची आली. सरपंच दुसरीकडे बघत होते.

डॉक्टरांचं गाव

जलकुंभ लांबूनच दिसला. ताजा निळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत डॉक्टरांचं नाव आणि त्याच्या खाली, दुप्पट मोठ्या अक्षरांत, ज्यांच्या प्रयत्नांतून निधी आला त्या आमदारांचं. आमदार यायचे होते. त्यांची वाट पाहत आम्ही मंडपात बसलो आणि ते आलेच नाहीत. दरम्यान सरपंचांनी मला जलकुंभ फिरून दाखवला. टाकीच्या बुडाशी तीन जाड नळ बाहेर पडत होते, तिन्हींना वेगळाल्या चाव्या. मी सहज विचारलं, तीन कशाला?

ते म्हणाले, एक लाईन गावाची, एक वस्तीची, एक मुसलमान गल्लीची. एकाच लाईनवर सगळे घेतले तर पहिलं पाणी कुणाला यावरून रोज कटकट होते. म्हणून खर्च वाढला तरी तीन केल्या.

“भांडणच नको, ताई,” ते म्हणाले. “ज्याचं त्याला. डॉक्टरसाहेबांना आवडलं असतं.”

त्यात खोच नव्हती, हेच वाईट. तो मुलगा मनापासून बोलत होता. तेवढ्यात पहिली घोषणा झाली आणि माझं नाव चुकीचं पुकारलं गेलं.

मी माझं नेहमीचं भाषण केलं. त्यात एक गोष्ट मी हमखास सांगायची, ती तर त्याच गावात घडलेली. बहात्तरचा दुष्काळ. गावच्या विहिरीला पाटलांनी इंजिन बसवलेलं, त्यामुळे वस्तीची विहीर आटत चाललेली. वस्तीतल्या बाया रात्ररात्र बुडाशी वाट्यांनी पाणी भरत होत्या. तरुण खंदारे नोकरीवरून रजा घेऊन आले, पाटलांना भेटले, दोन्ही विहिरींत जमिनीखालून एकच पाणी आहे हे त्यांनी शास्त्रानं पटवून दिलं, आणि पाटलांनी वस्तीला आपल्या इंजिनाखाली पाणी भरू दिलं. एक दगड उचलला गेला नाही, एक शिवी दिली गेली नाही. डॉक्टरांच्या आयुष्यातला हा पहिला शांतता करार, असं मी म्हणायची आणि टाळ्या पडायच्या.

इथे पडल्या नाहीत. मंडपात चुळबूळ झाली. पहिल्या रांगेत फेटा बांधलेले एक वयस्क गृहस्थ तेवढे समाधानानं मान हलवत होते. ते दादाराव, सरपंचांचे आजोबा. त्या दुष्काळातल्या पाटलांचे चिरंजीव. मला वाटलं, वडिलांचं कौतुक झालं म्हणून खूश आहेत.

दुपारी जेवायला मी वस्तीत गेले. डॉक्टरांची धाकटी बहीण गयाबाई तिथे राहते. सत्तरीच्या पुढची, कंबरेत वाकलेली, पण चुलीपुढे बसली की हात भराभर चालणारे. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि परदेशी कोट घातलेले डॉक्टर, एका रांगेत. तिनं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि तेल घातलेलं तिखट वाढलं. भाजी इतकी चांगली होती की मी तिसऱ्यांदा मागितली. ती शेजारी बसून माझं खाणं बघत होती. मग तिनं विचारलं, मंडपात बोललीस ते तुला माझ्या दादानं सांगितलं का. मी हो म्हटलं.

“आन् रंगरेजाचं?”

मला काही कळलं नाही. कोण रंगरेज, असं मी विचारलं तशी ती उठली आणि माझं ताट उचलायला लागली. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, ते मी सांगणार न्हाई, ते पाणी मी पेलेली हाय. गंगाखेडला मेहबूब हाय, दादाचा दोस्त. बाजारपेठेत कपड्याला रंग देऊन देतो. त्याला विचार.

सरपंच संध्याकाळी मला परभणीला सोडणार होते. मी त्यांना सांगितलं की उद्या मला गंगाखेडला जायचंय. ते म्हणाले, गोदावरी बघायला का? मी हो म्हटलं. डॉक्टरांबरोबर राहून एवढं तरी शिकले होते.

गंगाखेड

गंगाखेडला एसटीनं गेले. नदीकाठी उभी राहिले, कारण नदी बघायला चालले असं म्हटलं होतं. पाणी मध्यावर होतं, अलीकडे वाळूचे खड्डे, घाटावर नुकतीच कुणाची तरी क्रिया झालेली. हवेत साखर कारखान्याचा मळीचा वास. मग बाजारपेठेत विचारत गेले. मेहबूबभाईंचं दुकान सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकान म्हणजे दोन खणांची जागा. पुढे तयार ओढण्या टांगलेल्या, मागे पातेली, स्टोव्ह, दोरीवर ओली कापडं. मेहबूबभाई डॉक्टरांच्याच वयाचे, उंच, सुरमा घातलेले, आणि नखं कायमची जांभळी झालेली. डॉक्टरांचं नाव घेतलं तशी त्यांनी हातातली ओढणी खाली ठेवली आणि घरात निरोप पाठवला. जेवल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा आला. डॉक्टर परदेशात आजारी पडले की मला सांगायचे, कुणीतरी खट्टा करून द्या. मी बापडी त्याला आमटी समजत होते.

जेवताना ते डॉक्टरांबद्दल बोलत राहिले. दोघं एका वर्गात होते. सुट्टीत भारतात आले की डॉक्टर गंगाखेडला हमखास यायचे, गावात नाही गेले तरी इथे यायचे. गल्ल्यामागे स्टुलावर बसायचे, चहा घ्यायचे, गिऱ्हाइकांना ओढण्या दाखवायचे. परदेशचा मोठा साहेब ओढण्या विकतोय, याचं त्यांना आताही हसू येत होतं.

मी रंगरेजाचं विचारलं. त्यांचं हसू गेलं, पण राग दिसला नाही.

त्यांनी जे सांगितलं ते असं. रंगरेज म्हणजे त्यांचे वडील, उस्मानचाचा. गावातली लुगडी, पागोटी, लग्नातले शेले सगळे त्यांच्या हौदातून निघायचे. दुष्काळात कापड कुणी रंगवत नव्हतं, हौद कोरडे पडले होते. एक दिवस गावच्या विहिरीचं पाणी हिरवं आलं. साधं शेवाळी नाही. उन्हात धरलं की चमकणारं. इंजिनाच्या तोंडातून हिरवी धार पडायला लागली. बायांनी घागरी फोडल्या. कुणीतरी म्हणालं, विष. दुसरं कुणीतरी म्हणालं, रंग. आणि रंग म्हटल्यावर गावात एकच घर होतं. वर रंग हिरवा.

“आमी कापडाला द्यायचो तो रंगच न्हवता तो,” मेहबूबभाई म्हणाले. “अब्बा ओरडून सांगायलेत, माझ्याकडं पाणीच न्हाई तर मी रंग कशात कालवू. ऐकतंय कोण.”

हौद फोडले. चाचांचा हात मोडला, तो नीट बसला नाही, म्हणजे धंद्याचा हातच गेला. दुसऱ्या दिवशी घरातली माणसं आणि दोन पातेली बैलगाडीत घालून ते गंगाखेडला मामाकडे आले. परत गेले नाहीत. मरेपर्यंत चाचांनी त्या गावच्या दिशेनं जाणाऱ्या गाडीत पाय ठेवला नाही.

रंग डॉक्टरांचा होता. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं हे बघायला शास्त्रज्ञ एक निरुपद्रवी भुकटी वापरतात. ती त्यांनी वस्तीच्या विहिरीत टाकली होती. इंजिन पाणी ओढत होतं, त्याबरोबर रंगही गावच्या विहिरीत आला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. पण तो रंग वर आला तेव्हा ते गावात नव्हते, नोकरीवर हजर व्हायला गेले होते.

मला परदेशातले ते डोंगर आठवले. झऱ्यात भुकटी टाकण्याआधी डॉक्टर दोन्ही बाजूंच्या एकूण एक घरी गेले होते. प्रत्येक उंबऱ्यावर तेच सांगायचे, आम्ही रंग टाकणार आहोत, तो असा दिसेल, त्यानं काही होत नाही. ते सगळं त्यांच्या भाषेत बोलून माझा आवाज बसला होता आणि मी कुरकुरले होते की प्रमुखांना सांगितलं म्हणजे पुरे की. ते पुढच्या घराकडे चालू लागले होते.

मी मेहबूबभाईंना विचारलं, डॉक्टरांनी हे तुम्हाला कधी सांगितलं?

“पुढं पाच-सहा वर्सानं. हितं बसूनच. लय रडला. म्हणला, मी परत आलो तवर तुमी गेल्ता. मी चावडीवर उभा राहून सांगितलं, रंग माझा हाय, रंगरेजाचा न्हाई. कुणी ऐकलं न्हाई.” ते थांबले. “मी म्हणलं, तुझी काय चूक. तू तर सांगितलंस.”

मग त्यांनी मला विचारलं की जलकुंभ गावात नेमका कुठे आहे. मी सांगितलं, मारुतीच्या मागे, मोठा कडुलिंब आहे त्याच्या अलीकडे, मोकळी जागा आहे तिथे.

“मोकळी न्हवती,” ते म्हणाले. “आमचे हौद हुते तिथं.”

आतून सूनबाई पान घेऊन आल्या. पान तसंच राहिलं. मग ते म्हणाले की माझं एकच मागणं आहे. जागा नको, माफी नको. गावातली म्हातारी माणसं अजून रंगरेजाची विहीर म्हणतात असं त्यांना कळलं होतं. पोरांना सांगतात, रंगरेजानं विहीर नासवली. डॉक्टर आता नाहीत. पण तुम्ही त्यांच्या बरोबरच्या, गाव तुमचं ऐकेल. चार माणसांत एवढं सांगा की रंग उस्मानचा नव्हता.

मी म्हटलं, उद्या जाऊ. तुम्हीही चला. मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी आत जाऊन धुवट सदरा काढायला सांगितला.

पुन्हा गाव

दुसऱ्या दिवशी ताडकळसचा आठवडी बाजार होता. आमची एसटी कोंबड्या, मेथीच्या जुड्या आणि माणसं घेऊन तिथपर्यंत आली आणि तिथून पुढे रिक्षा केली. सगळ्या वाटेत मेहबूबभाई खिडकीबाहेर बघत मला सांगत होते, हे शेत कुणाचं, या ओढ्यात आम्ही पोहायचो, इथे डॉक्टरांचं दप्तर वाहून गेलं होतं. पन्नासाहून जास्त वर्षं ते इकडे फिरकले नव्हते आणि एकही ओढा विसरले नव्हते.

गावात शिरल्यावर जलकुंभ आलाच. ते रिक्षातून उतरले, टाकीखाली गेले, एका खांबाला हात लावून उभे राहिले. वर डॉक्टरांचं नाव होतं. त्यांनी मान वर करून ते वाचलं. चेहऱ्यावर जे होतं त्याला अभिमान म्हणावं लागेल, आणि तो बघून मला तिथून निघून जावंसं वाटलं.

दादारावांच्या ओसरीवर आमचं स्वागत उत्तम झालं. हे मी मुद्दाम लिहिते. “उस्मान रंगरेजाचा मेहबूब का तू?” असं म्हणून दादाराव स्वतः उठले, मेहबूबभाईंना जवळ बसवलं, गुडघ्यावर हात ठेवला. दोघांनी एकमेकांच्या दातांची आणि डोळ्यांची चौकशी केली. चहा आला, चिवडा आला. सरपंच आले. आणखी दोघं-तिघं म्हातारे येऊन टेकले.

मी विषय काढला. शक्य तितक्या सौम्यपणे म्हटलं की डॉक्टरांच्या नावानं एवढा मोठा कार्यक्रम झाला, आता एक छोटी गोष्ट राहिलीय. त्या दुष्काळात विहिरीत जो रंग आला तो डॉक्टरांच्या प्रयोगाचा होता, उस्मानचाचांचा नव्हता, एवढं ग्रामसभेत एकदा सांगावं. टाकीवर एक ओळ लिहिता आली तर आणखी चांगलं.

सरपंच अस्वस्थ झाले. म्हणाले, ताई, जुनं कशाला उकरायचं. आता गावात शांतता आहे. हे सांगितलं तर मुसलमान गल्लीतली पोरं जागेचं काढतील, आमच्यातली पोरं दुसरं काही काढतील. मग तुमचं काय जातंय, तुम्ही पुण्याला.

त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरांनी स्वतः चावडीवर हे सांगितलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता तरी ऐका.

दादारावांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. “चावडीवर? कवा?”

“हे लोक इथून गेल्यावर,” मी मेहबूबभाईंकडे हात केला. “डॉक्टर परत आले तेव्हा.”

“न्हाई बा,” दादाराव म्हणाले. “तो चावडीवर गेलाच न्हाई. तो आमच्याकडं आल्ता. हितंच बसला हुता, ह्या खांबाला टेकून.”

आणि मग त्यांनी ते सांगितलं. अगदी निवांत, जुन्या लग्नाची हकिकत सांगावी तसं. त्यांच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. उलट सगळ्यांची शोभा होती. रंग टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी खंदारे पाटलांकडे येऊन सांगून गेले होते की उद्या-परवा तुमच्या विहिरीत हिरवं पाणी येईल, घाबरू नका, त्यातून कळेल की आपलं पाणी एकच आहे. पाटील बरं म्हणाले. त्यांना वाटलं, पोरगं शिकून येडं झालंय. आणि मग पाणी खरंच हिरवं आलं आणि लोक रंगरेजाच्या घराकडे धावले.

“मग पाटलांनी अडवलं का न्हाई?” मेहबूबभाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

“अडवायचं म्हंजी काय सांगून अडवायचं? वस्तीच्या हिरीतलं पाणी गाव पितंय म्हणून रंग आलाय, असं? लोकं वस्तीवर गेली असती. तुमचे हौद फुटले, तितं माणसं मेली असती.”

खंदारे परत आले तेव्हा ते संतापलेले होते. चावडीवर जातो म्हणाले. पाटलांनी त्यांना बसवून घेतलं. म्हणाले, तुझं खरं आहे, पाणी एकच आहे. पण हे गावाला कळलं तर तुझी वस्ती राहत नाही. रंगरेज तर गेलाच आहे. तू गप्प राहा. उद्यापासून तुमच्या बायांना माझ्या इंजिनाखाली पाणी भरू देतो, पाऊस पडेपर्यंत.

मी विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?”

“लय येळ काई बोललाच न्हाई. मग म्हणला, पाटील, पाऊस पडल्यावर बी अडवायचं न्हाई, असा शब्द द्या. आमच्या बापूनं दिला. आन् पाळला.” दादारावांनी मेहबूबभाईंच्या गुडघ्यावर पुन्हा हात ठेवला. “तुमचा डॉक्टर लय हुशार. भांडण कसं मिटवायचं, त्याला तवाच कळत हुतं.”

सरपंचांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं. बाकीचे म्हातारे चहा पीत होते. त्यातल्या एकानं मान हलवली. त्यांना माहीत होतं. त्या सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं की रंग उस्मानचा नव्हता, आणि पोरांना ते उस्मानचंच नाव सांगत आले होते.

डॉक्टर बैठकीच्या आधी आम्हा सगळ्यांना एक नियम सांगायचे. जो बैठकीला हजर नाही, त्याच्या पदरचं कुणाला द्यायचं नाही. किती भाषांत मी ते वाक्य नेलं. मला ते शहाणपण वाटायचं, आणि ते पुढे छापलंही गेलं. ते त्या खांबाला टेकून शिकलेलं होतं, आणि त्याचे पैसे दुसऱ्यानंच मोजले होते.

मेहबूबभाई उठले. त्यांनी दादारावांना सलाम केला, चिवड्याची ताटली सरपंचांच्या हातात दिली. सरपंच आमच्या मागे रिक्षापर्यंत आले. त्यांनी माझी बॅग कवेत धरली होती. ते म्हणाले, ताई, मी बघतो काय करता येतं ते. मी त्यांच्याकडून बॅग घेतली. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही आणि मीही केलेला नाही. टाकीवर ओळ लिहिलेली नाही, हे मला गयाबाईच्या नातवाकडून कळलं.

गयाबाईकडे मी त्या दिवशी गेले नाही. जाऊन काय विचारणार होते? ती तेव्हा जेमतेम विशीत होती, तिच्या पदरात तान्हं मूल होतं. पाणी मिळालं नसतं तर ते मूल आणि तशी आणखी किती मुलं त्या उन्हाळ्यात गेली असती, हे डॉक्टरांना दिसत होतं. दुसऱ्या बाजूला मोडक्या हाताचा एक रंगरेज, जो आधीच गाव सोडून गेला होता. मीही तेच केलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे. उत्तर हो असंच येतं, आणि त्यानं माझा राग कमी होत नाही. माझा राग त्या दिवसावर नाही. तो पुढच्या पन्नास वर्षांवर आहे. गल्ल्यामागच्या त्या स्टुलावर, तिथे बसून प्यालेल्या चहावर, आणि “मी चावडीवर सांगितलं” या एका वाक्यावर. जगातले दोन शत्रू समोरासमोर बसवणारा माणूस आपल्या एका दोस्तापुढे खोटं बोलला, आणि त्या खोट्यावर त्यांची दोस्ती मरेपर्यंत सुखात चालली.

पुण्याला आल्यावर मी त्यांच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मावशी, हे तुम्ही लिहू नका, बाबांनी आयुष्यभर केलेलं सगळं पुसलं जाईल. पुसलं जाणार नाही. त्या डोंगरांत आजही लोक एका झऱ्याचं पाणी पितात. पण मी दुभाषी आहे. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, ते कडू असलं तरी, एवढंच मला येतं. भाषणं मी थांबवली आहेत.

परतीच्या वाटेवर मेहबूबभाईंनी एकही ओढा दाखवला नव्हता. एसटी गंगाखेडला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी त्यांना दुकानापर्यंत सोडायला गेले. मला वाटत होतं ते संतापतील, डॉक्टरांना शिव्या देतील. मला ते बरं वाटलं असतं. सून दुकानात होती, तिला त्यांनी चहा टाकायला सांगितलं. मग ओल्या ओढण्यांच्या दोरीखाली उभे राहून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले:

“वस्तीत लेकरं पाण्यावाचून तडफडायली हुती, ते मी बी बघितलं हुतं, बाई. तो गंगाखेडला आला असता, अब्बापुढं बसला असता, म्हणला असता, चाचा, माझी लेकरं वाचवायची तर तुमचं नाव जातंय, जाऊ देऊ का? तर अब्बा हो म्हणले असते. मोडल्या हातानं हो म्हणले असते.” त्यांनी दोरीवरची एक ओढणी ओढून काढली, पिळली, पुन्हा टाकली. “त्यानं आमाला हो म्हणायची जागाच ठिवली न्हाई.”

बाहेर एक बाई पिशवीतून फिकट पडलेली ओढणी काढून उभी होती. ते तिच्याकडे गेले आणि कोणता रंग हवा ते विचारू लागले.